आधी टाकी बसवा, रंगाचं मग बघू

गेल्या अंकात म्हटलं होतं की जुन्या मोटरसायकलींच्या पेट्रोल टाकीबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर अर्ध्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न, रंग कुठला मारू. म्हणजे टाकी अजून खोक्यात, गवताच्या पेंढ्यात, आणि घरात भांडण मरून की काळा. असो. सहा पत्रं निवडलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं तिथेच येऊन जातात.

देवगडहून एक वाचक: काका, वडिलांची १९७४ ची बुलेट ३५० आहे, दहा वर्षं मांगरात उभी होती. टाकीचा तळ गंजून गेला, बोट घातलं तर आरपार जातं. जुन्यासारखी दिसणारी नवीन टाकी ऑनलाइन मागवली. नुसती ठेवून बघितली तर मागचं भोक अर्धा बोट पुढे येतंय आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की हेडलाइटचं डोकं टाकीला टेकतं. इथला पेंटर म्हणतो आधी रंगवून घेऊया, बसवायचं मग बघू, रंगावर सगळं झाकतं. शनिवारी टाकी त्याच्याकडे द्यायचीय. देऊ ना?

नका देऊ. हाच शनिवार नाही, पुढचे तीन शनिवार देऊ नका. पेंटरला टाकी म्हणजे स्टुलावर ठेवायची वस्तू, ती गाडीवर बसते की नाही हे तुम्हाला भोगायचंय. आणि रंगाचा एक हात चढला की विकणारा टाकी परत घेत नाही, म्हणजे आत्ता परत करायची जी सोय तुमच्या हातात आहे तीच तुम्ही शनिवारी पेंटरच्या पडवीत ठेवून याल.

मी हे फुकट शिकलेलो नाही. १९९८ साली एका गिऱ्हाइकाच्या बुलेटला अशीच कॉपी टाकी आणली होती, कुठून ते सोडा. मरून रंग, सोनेरी रेघा, इतकी देखणी झाली की गॅरेजात येणारा प्रत्येक जण हात फिरवून जायचा. गणपतीच्या आदल्या दिवशी गाडी दिली, संध्याकाळी माणूस परत दारात. कॉकच्या, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाच्या, वर तळाचा जोड असतो ना, तिथे रंगाखाली बोराएवढा फुगा आलेला. नखाने टोचला तर आतून पेट्रोल. वेल्डिंगमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक राहिलेलं आणि प्रायमर-पुट्टीने ते झाकलं गेलेलं, पण पेट्रोल पुट्टीला विचारत नाही, ते वाट काढतंच. वरचा रंग एनसीचा, म्हणजे जुने पेंटर ज्याला ड्यूको म्हणतात तो, तो पेट्रोलने मऊ पडून बोटाला यायला लागला. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून केलं. पैसे कोणी भरले ते विचारू नका.

तर आता तुमची टाकी. जुनी भंगारात दिली नाहीत ना? असली तर ती सोन्यासारखी जपा, कारण मापाला तिच्याइतकं खरं दुसरं काही नाही. मोठा पुठ्ठा घ्या, जुन्या टाकीच्या पुढच्या आणि मागच्या भोकांच्या खुणा त्यावर करा आणि तोच पुठ्ठा नव्या टाकीला लावून बघा. भोकं जुळली तर टाकीचा दोष नाही, गाडीचा आहे, पुढचे रबर चपटे झाले असतील किंवा कोणीतरी भलत्याच मापाचे कोंबले असतील किंवा फ्रेमवरची पट्टी वाकली असेल. नाही जुळली तर टाकी चुकलीय, किंवा चुकलीही नसेल, दुसऱ्याच सालच्या मॉडेलची टाकी तुमच्या गळ्यात मारली असेल, लांबून बुलेटच्या टाक्या सगळ्या बहिणी-बहिणीच दिसतात. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर गोल कानस घेऊन भोक लांबट करा, काही बिघडत नाही. पण अर्धा बोट म्हणजे आठ-दहा मिलिमीटर झाले, ते कानसचं काम नाही, टाकी परत पाठवा. आणि दुसरी आली की खोकं फोडताना मोबाइलवर शूटिंग करा, कुरिअरने आपटून आणलेली टाकी नंतर कोणीच कबूल करत नाही.

काही मेकॅनिक काय करतात, टाकी ठोकून-ओढून जागेवर आणतात आणि बोल्ट आवळून टाकतात. बसते की! दोन महिने बसते. बुलेटच्या एका सिलिंडरचे धक्के तुम्हाला माहीतच आहेत, त्यात ताणाखाली असलेली पट्टी जिथे टाकीला वेल्ड केलीय तिथेच केसासारखी चीर जाते आणि मग गरम इंजिनवर पेट्रोलचा थेंब. टाकी हाताने ठेवल्यावर सगळे बोल्ट बोटांनी फिरवून आत गेले पाहिजेत, पाना फक्त शेवटी लागला पाहिजे.

हँडल टेकतंय त्याचा दोष लगेच टाकीला देऊ नका. फोर्कच्या खाली हँडलला अडवणारे स्टॉपर असतात ते बघा, गाडी कधी पडलेली असेल तर ते वाकतात किंवा झिजतात आणि हँडल जास्तच वळायला लागतं. पुढचं चाक उचलून फोर्क मागे-पुढे हलवून बघा, बॉल रेस, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल असेल तर ती आधी नीट करा. हे सगळं ठीक असूनही डोकं टेकत असेल तर मग टाकीचं नाक चुकलंय. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर निदान पाच मिलिमीटर फट पाहिजे, आणि ही तपासणी सगळ्या केबल, वायरिंग, क्लचची तार वगैरे जागेवर असताना करायची, नाहीतर रिकाम्या फ्रेमवर टाकी छान बसते आणि नंतर खाली वायर चेमटते.

वरून दिसतं ते ठीक, पण टाकीच्या पोटात जी खोबण असते ती फ्रेमच्या नळीवर कुठे घासतेय ते दिसत नाही. त्याला घरगुती इलाज आहे. स्वयंपाकघरातून कणीक घ्या, गव्हाची, तांदळाच्या पिठाची नको ती भुगा होते. लिंबाएवढे चार-पाच गोळे करून फ्रेमच्या नळीवर आणि सिलिंडर हेडच्या वर ठेवा, गोळ्यावर प्लास्टिकचा कागद टाका म्हणजे चिकटणार नाही, मग टाकी बसवून बोल्ट हलके आवळा आणि पुन्हा काढा. गोळा जिथे कागदासारखा पातळ झालाय तिथे टाकी घासणार हे नक्की. सुरीने गोळा कापून जाडी पट्टीने मोजा. मी वीस वर्षं हेच करतो आणि बायको वीस वर्षं विचारतेय की कणकेला ग्रीसचा वास का येतो.

आता गळती. पेट्रोल घालायच्या आधी हवेने बघायचं, कारण काही निघालं तर ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने पितळ वितळवून भोक बुजवणं, करावं लागेल आणि पेट्रोल शिरलेल्या टाकीला ज्योत लावणं म्हणजे मरण ओढवून घेणं, रिकामी असली तरी, उलट रिकामी जास्त वाईट कारण आत वाफ असते. कॉकचं भोक बोल्ट-वॉशरने बंद करा, झाकणाच्या जागी जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून त्यात सायकलचा व्हॉल्व्ह बसवा आणि सायकलच्या पंपाने हवा द्या. दोन पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला दोन पौंड दाब, फार तर तीन. कॉम्प्रेसरची नळी थेट लावू नका हो, टाकीची बाजू दहा इंच बाय दहा इंच धरली तर तीन पीएसआयलाच तिच्यावर तीनशे पौंड म्हणजे जवळपास १३६ किलोचा दाब बसतो, एक माणूस आत बसून दुसऱ्याला खांद्यावर घेतोय असं समजा, त्यापुढे गेलात तर टाकीचा भोपळा होईल. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि घाई न करता बघत बसा. मोठं भोक लगेच फुरफुरतं, बारीक भोक पाच मिनिटांनी पांढरा फेस धरतं.

त्यातून पास झाली की मग डिझेल घाला दोन-तीन लिटर, बाहेरून जोडांवर खडूची पूड पाण्यात कालवून लावा, वाळू द्या, आणि टाकी रात्रभर या कुशीवर, दुसऱ्या रात्री त्या कुशीवर ठेवा. डिझेल पाण्यापेक्षा बारीक फटीतून झिरपतं आणि खडूवर त्याचा डाग लगेच कळतो. पाणी घालून बघू नका, कोऱ्या पत्र्याला आपल्याकडे एका रात्रीत तांबूस रंग येतो. ते डिझेल काढताना जुन्या पंच्यातून गाळून काढा, काय काय निघतं बघा, वेल्डिंगचे मणी, पत्र्याचा कीस, एकदा माझ्या टाकीतून अख्खा रिव्हेट निघाला होता.

कॉकचे आटे हाताने फिरवून बघा, तीन-चार फेरे सहज गेले पाहिजेत. अडला तर जोर लावू नका, आटे वेगळे असतील, टर्नरकडे जा. कॉक आवळून झाल्यावर तोंड भलतीकडे राहिलं तर वॉशरची जाडी कमी-जास्त करायची, कॉक जास्त पिळायचा नाही. आणि झाकण. नव्या झाकणांना हवा घ्यायचं बारीक भोक कधीकधी बुजलेलंच असतं, मग गाडी दहा-पंधरा किलोमीटर मस्त चालते आणि मरते, लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात, झाकण उघडलं की फुस्स आवाज होतो तेव्हा कळतं.

एवढं झालं की टाकी कोरीच गाडीवर चढवा, पत्र्याला ऑइलचा हात पुसून, अर्ध्याच्या वर पेट्रोल भरा आणि शंभरेक किलोमीटर फिरून या. बारा लिटर पेट्रोल म्हणजे नऊ किलो वजन, रिकाम्या टाकीचं बसणं आणि भरलेल्या टाकीचं बसणं यात फरक असतो. देवगड ते विजयदुर्ग जाऊन या, तो रस्ता सगळं सांगेल. लोक हसतील काय ही भांड्यासारखी टाकी म्हणून, हसू देत. परत आलात, कुठे ओल नाही, कुठे घासल्याची चकाकी नाही, की मग पेंटरकडे. आणि त्याला सांगा, ह्यात आता पेट्रोल पडून गेलंय, हिच्याजवळ गॅस पेटवायचा नाही.

वेंगुर्ल्याहून एक वाचक: माझ्या येझदीची टाकी जुलैत रंगवली. काळा रंग मारताना आरशासारखा दिसत होता, अर्ध्या तासात त्यावर दूध फिरल्यासारखी पांढरी झाक आली. पेंटर म्हणतो थिनर खराब होतं. खालच्या बाजूला आता बारीक पुटकुळ्याही दिसतात. पुन्हा रंगवायचंय, काय काळजी घेऊ?

थिनर बिचारं उगीच बदनाम होतं. जुलैत आपल्या किनाऱ्यावर हवेत ओल नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. एनसी रंगातलं थिनर भरभर उडतं, उडताना पत्रा गार करतं, जसं अंगावर सेंट मारल्यावर गार लागतं तसं, आणि गार पृष्ठभागावर हवेतली वाफ दव होऊन बसते ती रंगात अडकते. ती तुमची पांढरी झाक. हळू उडणारं थिनर, ज्याला दुकानात रिटार्डर म्हणतात, ते थोडं घातलं तर फरक पडतो पण जुलै तो जुलैच. हार्डनर घालून मारायचा पीयू रंग असेल तर वेगळीच गंमत, त्याचा हार्डनर पाण्याशी लागून गॅस सोडतो आणि रंगात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. नियम साधा आहे, हवेतली ओल ८५ टक्क्यांच्या वर असेल तर गन भिंतीला टांगायची, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश तरी गरम पाहिजे. ओल मोजायचं छोटं डिजिटल घड्याळासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, पेंटरकडे नसेल तर तुम्ही घेऊन जा.

पुटकुळ्यांचं कारण मात्र मला वाटतं वेगळं आहे. त्या पेंटरची विहीर कुठे आहे? समुद्रापासून जवळ असेल आणि पाणी मचूळ लागत असेल तर तुमचं उत्तर तिथेच आहे. वॉटर पेपर मारताना तेच पाणी वापरलं, ते वाळलं, मीठ पत्र्यावर आणि प्रायमरवर राहिलं, त्यावर रंग चढला. मीठ ओल खेचतं, रंगाच्या पापुद्र्यातूनसुद्धा खेचतं, आणि खाली पाण्याचा थेंब साचून पुटकुळी येते, मग गंज. नुसत्या खाऱ्या वाऱ्यात चार दिवस उघडी पडलेली टाकीही तेवढीच वाईट. म्हणून आमच्याकडे शेवटचा हात गोड्या पाण्याचा, पावसाचं साठवलेलं असेल तर सर्वात छान, नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल वॉटर दोन-तीन लिटर आणायचं, टाकीला किती लागतं. धुऊन लगेच पुसून उन्हात तापवायची. त्यानंतर उघड्या हाताने धरायची नाही, घामाच्या बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी गंजून वर येतात, मी पाच बोटं मोजून दाखवलीयत एका पोराला त्याचीच.

पुन्हा रंगवताना नोव्हेंबर उजाडू दे, डिसेंबर-जानेवारी त्याहून बरा. वेळ सांगतो, सकाळी दव वाळल्यावर साडेनऊपासून साडेअकरापर्यंत. शाळेत शिकलो होतो ना खारे वारे आणि मतलई वारे, ते इथे कामाला येतं, सकाळी जमिनीवरचा कोरडा मतलई वारा असतो आणि दुपार व्हायला लागली की समुद्रावरून खारं सुरू होतं, ओल आणि मीठ दोन्ही घेऊन. दुपारी अंगणातली जांभ्याची लाल धूळही उडते, ती ओल्या काळ्या रंगावर बसली की काळ्या साडीवर गुलाल.

सगळं पत्र्यापर्यंत काढा. विकत आणलेल्या नव्या टाकीवर जो प्रायमर असतो त्यावरही विश्वास ठेवू नका, थिनरचं फडकं दोन मिनिटं दाबून धरा, रंग फडक्याला आला तर तो फक्त वाटेत गंजू नये म्हणून फासलेला आहे, काढून टाका. ऐंशी-एकशेवीसचा पेपर, ग्रीस काढायचं लिक्विड एका फडक्याने लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं, आणि त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, इपॉक्सी प्रायमर. रात्र जाऊ द्यायची नाही. पुट्टी इपॉक्सीच्या वर लावा, दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि ती सुकीच घासा, पुट्टी स्पंजासारखी पाणी पिते आणि नंतर वर्षभर ओकत बसते. वॉटर पेपर सरफेसर, म्हणजे रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा थर, मारल्यावरच. आणि टाकीचा खालचा भाग, आतली खोबण, कडेचा दुमडलेला जोड, हे पेंटर लोक दिसत नाही म्हणून सोडतात, आपल्याकडे टाकी तिथूनच मरते, तिथे इपॉक्सीचे दोन हात पडलेत का ते वाकून बघा. तोंडाच्या काठावर झाकणाचं रबर बसतं तिथे जाड रंग नको, तो तडकतो आणि तिथून पेट्रोल रंगाखाली शिरतं.

पीयू मारणार असाल तर एक गोष्ट, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला एकदा बाधलं की आयुष्यभर दमा. तोंडाला रुमाल किंवा कोरोनातला मास्क ह्याचा काही उपयोग नाही, वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, खरं तर बाहेरून हवा येणारा, आणि पोरंबाळं पडवीत नकोत. रंग झाल्यावर आठवडाभर तरी पेट्रोल दाखवू नका, हाताला कोरडा लागतो पण आत शिजत असतो.

चिपळूणहून एक वाचक: जुन्या जावासाठी नवी टाकी घेतली ती पूर्ण क्रोमची आली. बाजूचं क्रोम ठेवून मधे मरून रंग मारायचाय. पेंटर म्हणतो क्रोमवर सरळ मारतो.

मारेल, आणि पहिल्या उन्हाळ्यात सालीसारखा निघेल. क्रोम काचेसारखं असतं, रंगाला धरायला काही नाही. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, त्यामुळे आता बाजारातली कोरी टाकी बहुतेक अशीच असते, सगळी बुडवून क्रोम केलेली. रंगाच्या भागात ३२० च्या पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, ओलंच घासा, क्रोमची धूळ छातीत जाऊ देऊ नका, मग इपॉक्सी, मग रंग. क्रोम ठेवायचंय तिथे आधी दोन थर टेप. गुडघ्याच्या रबराखाली मात्र क्रोम चकचकीत आहे म्हणून निश्चिंत राहू नका, खारं पाणी त्या रबरामागे साचतं आणि आतून टोचून गंजवतं, रबर लावायच्या आधी मागे मेण चोळा, दर पावसाळ्यानंतर काढून पुसा.

गुहागरहून एक वाचक भगिनी: नवरा म्हणतो नवी टाकी घेऊ, मी म्हणते जुनी फक्त आतून गंजलीय, भोक नाही. तांब्याचा हंडा कोकमाने लख्ख होतो, मग टाकीत आगळ ओतून ठेवलं तर?

ताई, तुमचं गणित अर्धं बरोबर आहे, आंबटाने गंज सुटतो. पण आगळात मीठ असतं, भरपूर, आणि लोखंडाला मीठ म्हणजे जखमेवर मीठच. त्यापेक्षा किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला पन्नास ग्रॅम, कोमट पाण्यात. आधी पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत टाकी साबणाने धुवा, कॉकचं भोक बंद करा, वरचं झाकण उघडंच ठेवा कारण गॅस होतो, आणि रात्रभर ठेवा. आत गंजाचे पापुद्रे असतील तर मूठभर नट टाकून हलवा, टाकताना मोजा आणि काढतानाही मोजा. मग गोडं पाणी, मग खायचा सोडा घातलेलं पाणी, पुन्हा गोडं पाणी, आणि केस वाळवायच्या ड्रायरने अर्धा तास गरम हवा. वाळल्या वाळल्या टू-स्ट्रोकचं ऑइल आत फिरवा, पाच मिनिटं उशीर केलात तर पुन्हा तांबूस होईल.

आत लायनरचं, म्हणजे टाकीला आतून अस्तर देणारं, केमिकल ओता असं कोणी सुचवलं तर घाई नको. पत्रा शाबूत असेल तर मी लायनरच्या विरुद्ध आहे, नीट न वाळलेल्या टाकीत तो सुटतो आणि त्याचे पडदे कॉकमध्ये अडकतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या प्रकारचे लायनर त्यात मऊ पडतात. हेच इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की ते मिश्रण वेगळं होऊन तळाला बसतं, नेमकं जिथे टाक्या सडतात तिथे. त्यामुळे पावसाळ्यात गाडी चार महिने उभीच राहणार असेल तर टाकी रिकामी करून ऑइलचा हात फिरवून ठेवा, अर्धी भरलेली तर अजिबात नको. पत्रा सगळीकडे ठणठणीत वाजत असेल तर ह्या वेळी नवऱ्याचे पैसे वाचले, भोक नाही तोवर जुन्या टाकीसारखी टाकी मिळत नाही.

मालवणहून एक वाचक: कॉम्प्रेसर नाही. आंब्याच्या फवारणीचा पंप आहे, त्याने टाकी रंगवली तर चालेल?

नाही. तो पंप औषध दाबाने ढकलतो, रंगाच्या गनला हवा लागते जी रंगाचे कण बारीक करते. तुमच्या पंपातून रंगाचे थेंब पडतील आणि पुढच्या मोसमात कलमांवर थिनर. कुडाळला एमआयडीसीत कोणाकडे तरी भाड्याने मारून घ्या.

रत्नागिरीहून एक वाचक: १९७३ ची बुलेट, आरसीवर काळा रंग. हिरवी करायची इच्छा आहे, आरटीओचं काही झंझट होईल का? आणि सोनेरी पट्टी स्टिकरने लावू की हाताने मारून घेऊ?

आरसीवर जो रंग लिहिलाय तो बदलायचा तर एमएच-०८ च्या कार्यालयात जाऊन नोंद करून घ्यायची, गाडी रंगवायच्या आधी विचारलेलं बरं. फक्त टाकीच वेगळी केली तरी पुढे पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवायला न्याल तेव्हा इन्स्पेक्टरचे डोळे आरसीवर आणि मग टाकीवर जातातच. तुमची गाडी पन्नास वर्षांच्या पुढे गेलीय म्हणून कोणीतरी विंटेजची नोंदणी कर म्हणेल, २०२१ पासून तशी सोय आहे, नव्या नोंदणीला नंबरात व्हीए येतं आणि वीस हजार लागतात. पण मग ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला वगैरेच रस्त्यावर आणता येते, रोज मासळी आणायला नाही. तुम्ही रोज चालवणारे दिसता, भानगडीत पडू नका.

पट्टी हातानेच. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा मद्रासच्या कारखान्यात हातानेच मारत आलेत, स्टिकरची रेघ वळणावर सुरकुतते आणि कड उचलून खारं पाणी आत घेते. आता माणूस कुठला शोधायचा म्हणाल तर गाड्यांच्या पेंटरकडे नका जाऊ. मूर्तिशाळेतला डोळे आखणारा कारागीर, हात त्याचाही देवासारखा, पण त्याची सवय पाण्याच्या रंगाची. मी मिरकरवाड्याला जातो, जिथे बोटींवर नावं लिहितात. त्या लोकांना ऑइल पेंटची आणि वळलेल्या पृष्ठभागाची दोन्हीची सवय असते, होडीचं नाक आणि टाकीचं पोट एकाच जातीचं.

गेल्या हिवाळ्यात एकाला गॅरेजात आणलं. त्याने आधी टाकीकडे बघितलंच नाही, लांब केसांचा ब्रश काढला, पत्र्याच्या तुकड्यावर सोनेरी रंग घेऊन ब्रश चपटा करत दहा-बारा वेळा पुढे-मागे फिरवला, मग करंगळी टाकीच्या खालच्या जोडावर टेकवली आणि तीच करंगळी पट्टीसारखी घसरवत एका दमात पुढून मागे आला, ब्रश मधे उचलला नाही. दुसऱ्या बाजूला तशीच्या तशी पाहिजे म्हणून पहिल्या बाजूवर ट्रेसिंग पेपर धरून खडूने वळण उतरवलं, उलटा करून तिकडे दाबलं. डाव्या बाजूची दुसरी रेघ जरा लागली तर पुसून परत मारली, वैतागला नाही.

हे पुसता येण्यासाठी खालचा पीयू आणि क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पूर्ण वाळलेला पाहिजे, आठवडा होऊन गेलेला, मग रॉकेलच्या ओल्या फडक्याने चुकलेली रेघ निघते आणि खालचा रंग तसाच राहतो. ऑइल पेंटच्या रेघेवर परत क्लिअर मारायचा मोह आवरा, ती आत कच्ची असते आणि क्लिअरच्या थिनरने सुरकुतून उचलते. क्लिअरच्या खालीच पट्टी पाहिजे असेल तर ती बेस कोटच्या सोनेरी रंगाने मारून घ्यावी लागेल, तो ब्रशवर लवकर सुकतो आणि बोटवाले त्याला नावं ठेवतात. आणि चहा दोन्ही बाजूंच्या रेघा संपल्यावर द्या, मधे दिलात तर दुसरी बाजू उद्यावर जाते.